ट्रायप्लाय स्टीलचं ६ लिटरचं पातेलं: दिवाळीपासून आखाडापर्यंतचा अनुभव

आमच्या घरी मटणाची अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी) वर्षानुवर्षं पितळेच्या भगुल्यात शिजायची. आत्तींच्या (माझ्या सासूबाईंच्या) लग्नातलं भगुलं, जाड बुडाचं, भरलं की दोघींनी धरून उतरवावं लागायचं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत पूर्वी कल्हईवाला हाक देत यायचा. आता महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. कल्हई उडालेल्या पितळेत मीठ-आंबट घातलेला रस्सा कळकतो, आणि तो पोटात घालण्यासारखा राहत नाही. अळणी तर आम्ही आधी लेकराला वाटीत देतो, मग मोठ्यांचं जेवण. म्हणून भगुलं फळीवर गेलं आणि स्टीलचं मोठं पातेलं शोधणं सुरू झालं.

पहिलं घेतलं ते चुकलं. स्वस्तातलं, पातळ पत्र्याचं, बुडाला तेवढी जाड चकती बसवलेलं. दिसायला छान, पण आमच्या गॅसची मोठी शेगडी चकतीपेक्षा रुंद. ज्वाळा बाजूनं वर चढायची, आणि चकती संपते तिथं, आतल्या कडेला गोल वळं करून मसाला करपायचा. मध्ये ढवळत राहिलं तरी कडेचा करपट वास रश्शाला लागायचाच. स्टील स्वतः उष्णता फार हळू पसरवतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहा पटींहून जास्त वेगानं पसरवतं. म्हणून चकतीत ॲल्युमिनियम भरतात. पण ते फक्त बुडाला असेल, तर भिंती उघड्याच पडतात.

दुसऱ्या खेपेला महाद्वार रोडवर चार दुकानं फिरून ट्रायप्लाय घेतलं. आत ३०४ प्रतीचं स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबकाला धरणारं स्टील, आणि हे तिन्ही थर बुडापासून काठापर्यंत. व्यास २४ सेंमी, उंची १४ सेंमी. गणित केलं तर काठोकाठ ६.३ लिटर बसतं, पण उकळत्या रश्शाला वर जागा सोडायची म्हणजे कामाचे साडेचारच लिटर. किलोभर मटणाला एवढं पुरतं. किंमत ३,२०० रुपये पडली. आत्तींनी ऐकूनच विचारलं, “एवढ्यात बारकी दोन भांडी आली असती की गं?”

दुकानात एक गोष्ट ऐकायला मिळते, “वहिनी, चुंबक चिकटत नाही बघा, म्हणजे अस्सल ३०४.” ही खूण पुरेशी नाही. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०२ स्टीलसुद्धा चुंबकाला धरत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ असंही म्हणतात. भांड्यावर ३०४ किंवा १८/८ कोरलेलं आहे का ते बघा आणि बिलावर लिहून मागा. आयएसआय चिन्हही बघा. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे आणि २०२४ साली सरकारनं त्याची सक्ती करणारा आदेश काढला. इंडक्शनसाठी मात्र चुंबक बाहेरून बुडाला घट्ट चिकटलाच पाहिजे. जूनमध्ये सिलिंडर संपला तेव्हा दोन दिवस आम्ही इंडक्शनवर याच पातेल्यात निभावलं.

आता खरी परीक्षा, म्हणजे अळणी. तेलात कांदा, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मग मटण परतायचं. आत्तींची पद्धत अशी, की मटणात गार पाणी घालायचं नाही. झाकणावर पाणी ठेवायचं, ते खालच्या वाफेनं तापतं आणि लागेल तसं तेच आत ओतायचं. या पातेल्याबरोबर आलेलं झाकण काचेचं, घुमटासारखं. त्यावर पाणी कसं थांबणार? पहिल्याच रविवारी आत्तींनी ते बाजूला सारलं आणि जुनी पितळी ताटली ठेवली. आजही तसंच चालतं. काचेतून आत बघायला मिळतं हे खरं, पण कोल्हापुरात मटण शिजवायचं भांडं विकायचं तर झाकण सपाट आणि काठाचं द्यायला हवं. माझी या भांड्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

परतताना खाली लागत नाही का? लागतं, भांडं गार असताना तेल आणि मटण एकदम टाकलं तर. आधी कोरडं भांडं मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्र करून आटला तर अजून थांबा. मोत्यासारखा गोल होऊन बुडावर पळायला लागला की आच थोडी कमी करून तेल घाला. मोठी आच या भांड्याला लागतच नाही. मध्यमच्या वर मी आता जात नाही.

पांढऱ्या रश्शानं मात्र मला पहिल्यांदा रडवलं. पितळेच्या भगुल्याच्या सवयीनं नारळाचं दूध घातलं, खसखस-काजूचं वाटण घातलं, कडेला पहिला बुडबुडा दिसल्यावर गॅस बंद केला. तरी रस्सा फुटला. तिन्ही थरांत साठलेली उष्णता गॅस बंद झाल्यावरही रस्सा उकळत ठेवते, आणि नारळाच्या दुधाला जोराची उकळी सोसत नाही. त्या दिवशी पाहुणे होते, वाईट वाटलं. आता क्रम बदललाय. आधी अळणी आणि वाटण एकत्र उकळून घेते, गॅस बंद करते, दोन-तीन मिनिटं थांबते आणि मग पळीनं ढवळत दूध घालते. त्यानंतर एकदाही फुटला नाही. उलट पंगतीला वाढेपर्यंत रस्सा गरम राहतो, पुन्हा शेगडीवर चढवावा लागत नाही.

डिसेंबरमध्ये आतल्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा ठिपके दिसले. वाटलं, फसवलं. पण चूक माझी होती. पायांचं सूप करताना गार पाण्यातच खडेमीठ टाकून मी दुसऱ्या कामाला लागले होते. न विरघळलेलं मीठ बुडाशी एका जागी बसलं, की तिथं स्टीलचा वरचा संरक्षक थर खातं. ठिपके पुढं वाढले नाहीत, पण गेलेही नाहीत. तेव्हापासून पाणी उकळल्यावरच मीठ, आणि लगेच ढवळायचं.

निळे-जांभळे पट्टे येतात ते निव्वळ तापल्याचे, त्यानं काही बिघडत नाही. चिंचेच्या कोळानं चोळलं की जातात. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, त्यांना व्हिनेगर घातलेलं पाणी उकळून पाच मिनिटं ठेवते. करपलं तर रात्रभर पाणी, सकाळी थोडा खायचा सोडा घालून एक उकळी, आणि लाकडी उलथन्यानं हळू खरवडायचं. तारेची घासणी मी घरातूनच हद्दपार केली. तिचे बारीक कण अडकतात, गंजतात, आणि मग वाटतं भांडंच गंजलं. आत्तींचा नारळाच्या शेंडीचा चोथा सगळ्यात बरा.

वजनाबद्दल स्पष्ट सांगते. रिकामं दोन किलोच्या वर, भरलेलं सहा-सात किलो. सांडशीनं उचलायचा विचारसुद्धा करू नका, दोन्ही बाजूंना कान असलेलंच घ्या. माझ्या पातेल्याचे कान रिव्हेटनं बसवलेत, पक्के आहेत, पण आत रिव्हेटच्या डोक्याभोवती चटणीचा लाल थर बसतो आणि रोज ब्रशनं काढावा लागतो. कान तापतात, जाड फडकं लागतंच. काठ बाहेर वळलेला असल्यामुळं ओतताना रस्सा बाहेर ओघळत नाही. ही बारीकशी गोष्ट मला फार आवडली.

आखाडात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीला वाहून गल्लीतली मंडळी परतली, त्या मंगळवारी आमच्याकडं बारा पानं होती. दोन किलो मटण या पातेल्यात मावणारं नव्हतं. अर्धं जुन्या पितळी भगुल्यात शिजवायचं म्हणून आदल्या आठवड्यात शोधाशोध करून त्याला कल्हई करून आणली होती. पांढरा स्टीलमध्ये, तांबडा भगुल्यात. जेवणं झाल्यावर आत्तींनी पातेलं स्वतः घासलं, पालथं घातलं आणि म्हणाल्या, “असलंच चार लिटरचं बघ आता. झाकण तेवढं सपाट घे.”