‘ईएन-ए सर्टिफाइड’ स्पीड विंग आणि सह्याद्रीतले ‘गुप्त पॉइंट’

स्पीड फ्लाइंग, म्हणजे पॅराग्लायडरहून लहान कापडी विंगखाली डोंगरउताराला लागून वेगानं उडणं, सुरू करायचं म्हटलं की दोन प्रश्न पडतात: विंग कुठली घ्यायची आणि उडवायची कुठे? मला ज्याने गंडवलं त्याच्याकडे दोन्हींची उत्तरं तयार होती आणि दोन्ही विकायला होती. तो अजून धंद्यात आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी पॅराग्लायडिंग कामशेतला शिकलो. दोन-तीन सीझन झाले की लहान विंगचे व्हिडिओ डोक्यात घुसायला लागतात. नेहमीची पॅराग्लायडर साधारण २५ चौरस मीटरची असते आणि स्पीड विंग ८ ते १४ ची. उताराला घासून, वळणं घेत खाली यायचं, थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधत तरंगत बसायचं नाही. पायलटांच्या एका ग्रुपवर मी विचारलं, कुणाकडे जुनी स्पीड विंग आहे का. त्याच रात्री मेसेज आला. मूळचा सांगलीचा, सध्या हिमाचलात बीरला असतो, परत जाणाऱ्या एका फॉरेनर पायलटची विंग विकायची आहे, वगैरे.

माणूस अडाणी असता तर दहा मिनिटांत उघडा पडला असता. याला विषय येत होता. फ्रान्समध्ये पॅराशूट घेऊन स्कीवर उतरणाऱ्यांपासून हा खेळ कसा आला, २००५ च्या सुमारास फ्रेंच पायलट फ्रान्स्वा बों याच्या मदतीनं जिन कंपनीची नॅनो ही स्पीड विंग कशी तयार झाली, ट्रिमर (वेग कमी-जास्त करायचे पट्टे) सोडल्यावर विंगचं नाक कसं खाली जातं, सगळं फोनवर रंगवून सांगितलं. मी म्हटलं, ‘‘११ मीटर मला लहान नाही का होणार?’’ तर म्हणाला, ‘‘सर, आपल्याकडे वारा जोराचा. मोठी विंग घ्याल तर उलटे मागे जाल.’’ रिझर्व्ह पॅराशूट नव्हतं, त्यावर, ‘‘जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवर रिझर्व्ह उघडायला वेळ कुठे मिळतो?’’

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, हीच त्याची हुशारी. जोराच्या वाऱ्यात लहान विंग वापरतात, हे खरं. पण ज्यांचा हात बसलाय ते वापरतात. बरेच स्पीड पायलट रिझर्व्हशिवाय उडतात, हेही खरं. पण ते काही नवशिक्याला दिलासा देणारं नाही. माझं वजन, हार्नेस, हेल्मेट, विंग सगळं धरून ८४ किलो. माझ्या २६ मीटरच्या पॅराग्लायडरवर चौरस मीटरमागे सव्वातीन किलो भार येतो, ११ मीटरच्या विंगवर साडेसातच्या वर. म्हणजे ताशी ३७-३८ किलोमीटरवरून थेट ५५-६० वर, तेही हात वर ठेवून, म्हणजे ब्रेक न ओढता, सरळ जाताना. वळण आवळलं की वेग आणखी चढतो आणि उंची भसाभस जाते. हा हिशेब मला माझ्या कामशेतच्या सरांनी नंतर कागदावर मांडून दाखवला. विकणाऱ्यानं माझं वजन विचारलंच नव्हतं.

किंमत ठरली १ लाख १० हजार, हार्नेससकट. त्यातले ४० हजार आधी. सोबत पीडीएफ आली: युरोपातल्या एका वर्कशॉपचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, शिक्का, सही, ‘सर्टिफिकेशन: ईएन-ए’. खरं तर व्यवहार इथेच थांबायला हवा होता. ईएन म्हणजे युरोपीय मानक. ए (सगळ्यात सौम्य, नवशिक्याला चालणारा), बी, सी, डी हे वर्ग ईएन ९२६-२ या उड्डाण चाचणीतून मिळतात आणि ती मुळात पॅराग्लायडरची चाचणी आहे. बहुतेक स्पीड विंगना फक्त ९२६-१, म्हणजे कापड-दोऱ्या किती भार सोसतात याची चाचणी असते. ११ मीटरची विंग ‘ए’ वर्गात आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला काही कळत नाही किंवा आपल्याला काही कळत नाही असं त्यानं गृहीत धरलंय.

उरलेले पैसे भरल्यावर कुरियरनं पार्सल आलं. विंग खरीच होती. दगड-विटा निघाल्या असत्या तर एका परीनं बरं झालं असतं. वरून कापडाचा रंग झकास. मी ती तशीच घेऊन कामशेतला सरांकडे गेलो. त्यांनी उडवायचं नावच काढलं नाही. आधी विंगच्या मधल्या सेलमध्ये (कापडी कप्प्यात) हात घालून कंपनीची पट्टी शोधली, जिच्यावर मॉडेल, आकार, वर्ष आणि सिरीयल नंबर असतो. पट्टी होती, पण वेगळ्या दोऱ्यानं शिवलेली, टाके हातचे. तिच्यावरचं उत्पादनाचं वर्ष रिपोर्टच्या तारखेच्या नंतरचं! विंग जन्मायच्या आधीच तपासून झाली होती. नंबर आम्ही कंपनीला ईमेलनं पाठवला. चार दिवसांत उत्तर आलं: हा नंबर आमच्या एका वेगळ्याच मॉडेलचा आहे, आकारही वेगळा.

मग कापड. सरांनी वरच्या पृष्ठभागावर, नाकाजवळ, तोंड लावून फुंकर मारली. चांगल्या कापडातून हवा जात नाही, गाल फुगतात. इथे त्यांची फुंकर पलीकडे माझ्या हाताला लागली. मोजणीचं यंत्र असतं, ते ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते सांगतं. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. दहा-पंधरा सेकंदांत हवा निघून गेली तर ते कापड उडण्याच्या लायकीचं नाही. आमच्या विंगचं यंत्रावर पुढच्या भागात एक अंकी उत्तर आलं. ऊन आणि वर्षानुवर्षांची घासाघीस. कुणीतरी शाळेत ग्राउंड हँडलिंगसाठी (जमिनीवरच विंग हाताळायच्या सरावासाठी) वापरून टाकून दिलेली असावी, असा सरांचा अंदाज.

दोऱ्यांचं तर विचारूच नका. रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) एका खुंटीला अडकवून डाव्या-उजव्या जोड्या ताणून धरल्या, तर डावीकडच्या दोन पुढच्या दोऱ्या दोन बोटं लांब. बदललेल्या, आणि मूळ जाडीच्या नव्हेत. शेवटी मैदानात हलक्या वाऱ्यात फक्त उभी करून पाहिली. विंग डोक्यावर यायलाच तयार नाही, मागे लोंबकळत राहते, आणि आलीच तर डावीकडे लवंडते. जमिनीवर ती नुसती चीड आणते. टेक-ऑफला उतारावर पळत सुटल्यावर तिनं हेच केलं असतं तर काय झालं असतं, यावर सर काही बोलले नाहीत. त्यांनी विंग गुंडाळली आणि म्हणाले, ‘‘ही कुणाला विकू नकोस. फुकटही देऊ नकोस.’’

आता दुसरी विक्री. विंगसोबत त्यानं १२ हजारांत ‘सह्याद्रीतले गुप्त स्पीड पॉइंट’ दिले होते. नकाशावर खुणा, वाऱ्याची दिशा आणि दोन ओळींचं वर्णन. मला विंगपेक्षा या यादीचा जास्त राग येतो, कारण विंग निदान उठली तरी नसती. ही यादी माणसाला कड्यावर नेऊन उभं करते.

पहिलीच खूण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. शेरा: ‘लिफ्ट जबरदस्त’. जबरदस्त आहेच! इंद्रवज्र (गोल इंद्रधनुष्य) पाहायला गेलेल्यांनी तिथे खालून उसळणारा वारा तोंडावर घेतलेला असतो. पण तो आत वळलेला, घोड्याच्या नालेसारखा कडा आहे. वारा त्याच्या काठावर फाटतो आणि काठामागे, नेमकी जिथे विंग पसरायची तिथे, गोल फिरणारा रोटर तयार होतो. खाली जंगल, उतरायला मोकळी जागा नाही, आणि सगळा परिसर अभयारण्याचा. दुसरी खूण नाणेघाट. पावसाळ्यात जिथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, तिथे हा माणूस ११ मीटरच्या कापडाखाली नवशिक्याला पाठवतो. तिसरी नागफणी. पुढ्यात खंडाळ्याचा घाट, रेल्वे, एक्स्प्रेसवे.

स्पीड फ्लाइंगला कडा लागतच नाही, लागतो उतार. विंगचं ग्लाइड पाचास एक (पाच मीटर पुढे, एक मीटर खाली) धरलं तर ती साधारण ११ अंशांनी खाली येते. ट्रिमर सोडले की आणखी तिरकी. म्हणजे टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंत जमीन सतत त्याहून जास्त उतरती हवी, मध्ये सपाट टप्पा नको. आल्प्समध्ये असे गवताळ, एकसंध उतार सापडतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा: कडा, मग पदर (मधला सपाट टप्पा), मग पुन्हा कडा. पहिल्या कड्यावरून निघालेला लहान विंगचा पायलट पदरावरच्या झाडीत जाऊ शकतो. कामशेतच्या टेकड्या सौम्य आहेत, समोर शेतं आहेत, पण उंची बेताची. १०० मीटरची टेकडी धरली तर पाचास एकच्या हिशेबानं अर्धा किलोमीटर अंतर, आणि अर्ध्या मिनिटात पाय जमिनीला. सर म्हणतात, शिकायला तेवढंच बरं: सकाळचा संथ, समोरून येणारा वारा, जरा मोठी मिनी-विंग (स्पीड विंगहून मोठी, पॅराग्लायडरहून लहान), वर एक आणि खाली एक रेडिओवाला. आकार वर्षावर्षानं कमी करायचा. मोठे उतार हवे असतील तर बाहेर जाऊन शाळेतच शिकायचं. मला हे ऐकताना कंटाळवाणं वाटलं होतं, कबूल. पण बारा हजारांच्या यादीत लँडिंगची एकही खूण नव्हती.

तक्रारीचं थोडक्यात. पैसे युपीआयनं गेले होते, दोन हप्ते दोन वेगळ्या नावांच्या खात्यांत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जोडले. एक खातं गोठवलं गेलं, त्यात किरकोळ रक्कम होती. १९३० ला पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे अडवण्याची शक्यता बरी असते. माझ्याकडे विंग आलेली असल्यानं मी तपासणीत आठवडा घालवला होता. चौकीतल्या हवालदारांना आधी वाटलं मी पतंगाबद्दल बोलतोय. मी पीडीएफमधली तारीख आणि पट्टीवरचं वर्ष शेजारी ठेवलं, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

विकणाऱ्यानं पाठवलेले विंगचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर ते एका परदेशी जाहिरातीतून उचललेले निघाले. माझ्या घरी आलेली विंग त्या फोटोंतली नव्हतीच. रंग तेवढा जुळवला होता. विकणाऱ्याकडे आजच्या तारखेची चिठ्ठी विंगच्या पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. मी नंतर दुसऱ्या नंबरवरून मागून पाहिला. आधी ‘विंग गोदामात आहे सर’ आणि मग ब्लॉक.

मागच्या महिन्यात नाशिकच्या एका मुलानं मला एक रिपोर्ट पाठवला, घेऊ का म्हणून. विंग आता १३ मीटरची झालीय, किंमत ९५ हजार, विकणारा मूळचा कोल्हापूरचा. सिरीयल नंबर माझ्याच पट्टीवरचा.