‘हार्डवेअर मोडेम’ म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड

फोनच्या तारेवरून डायल करून इंटरनेट जोडायचं, त्या काळात पणजीतल्या एका दुकानातून ५६-केचं (सेकंदाला ५६,००० बिटांचं) इंटर्नल मोडेम कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारं, घेतलं. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, “पूर्ण हार्डवेअर मोडेम, खरखरीच्या लायनीवरही टिकतो.” म्हणजे सिग्नलचं सगळं काम स्वतःच्या चिपांवर करणारा. वर आपल्याच फोनवर जोडून स्क्रीनवरचा १,१५,२०० हा आकडा दाखवला. ही शुद्ध धूळफेक. तो आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या जोडणीच्या (पोर्टच्या) वेगाचा. फोनच्या तारेवर १९९८ चं व्ही.९० मानक जास्तीत जास्त ५६,००० देतं, तेही फक्त येणाऱ्या डेटाला. जाणारा ३३,६०० वर अडतो.

खोकं मागितलं तर “बल्क माल, खोकं येत नाही.” ते का येत नाही, हे नंतर कळलं.

फोंड्याला आमच्याकडे पाऊस सुरू झाला की केबलच्या जोडांत पाणी शिरतं आणि रिसीव्हर उचलताच घरघर ऐकू येते. नव्या कार्डावर कनेक्शन लागायचं आणि मेल उतरता उतरता तुटायचं. तक्रार केली तर उत्तर, “बाब, दोश लायनीचो.” लाइन खराब होतीच, नाही म्हणत नाही. पण त्याच सॉकेटवर शेजाऱ्यांचा जुना ३३.६-केचा, बाहेरून तारेने जोडायचा सिरियल मोडेम लावला, तर कमी वेगाने का होईना, तग धरून राहिला.

मग कार्डावरचं वॉरंटीचं स्टिकर सोलून पाहिलं. खाली एक छोटी चिप, बाकी लाइन जोडण्यापुरते भाग. म्हणजे सॉफ्टमोडेम: खरखरीतून सिग्नल वेगळा काढण्याचं सगळं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर. तो दुसऱ्या कामात अडकला की मोडेम मागे पडतो, आणि खराब लाइनवर तेवढी सवड नसते. अशा मोडेमच्या खोक्यावर कोणता पेंटियम आणि कोणतं विंडोज लागेल ते छापलेलं असायचं. म्हणूनच खोकं गायब. स्वच्छ लाइनवर स्वस्त सॉफ्टमोडेम ठीक चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हार्डवेअरचा भाव लावल्याची.

घेण्याआधी दुकानदाराला शुद्ध डॉसमध्ये (विंडोजशिवाय) डायल करून दाखवायला सांगा. सॉफ्टमोडेम तिथे सहसा गप्प बसतो. आधीच गळ्यात पडला असेल तर मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये व्ही.९० बंद करून व्ही.३४ या जुन्या, ३३,६०० पर्यंतच्या मानकावर बांधा. वेग उतरतो, पण तुटणं बरंच कमी होतं. आणि बिलावर ‘हार्डवेअर मोडेम’ असं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘मोडेम, १ नग’ आहे. ग्राहक आयोगात एवढ्यावर काय सिद्ध करणार?