चिनी पासपोर्टवर फिरायला: थायलंड की जपान?

चीनचा साधा पासपोर्ट असलेल्याला थायलंड आता फारच सोपं झालंय. 1 मार्च 2024 पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या लोकांना व्हिसा माफ केला, एका वेळी 30 दिवस राहता येतं, फक्त 180 दिवसांत मिळून 90 च्या वर जायचं नाही. थायलंडला पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊच नका.

जपानचं तसं नाही. व्हिसा लागतोच, आणि टुरिस्ट व्हिसासाठी थेट दूतावासात जाऊन चालत नाही, त्यांनी ठरवलेल्या ट्रॅव्हल एजन्सीकडूनच अर्ज जातो. ग्रुप टूरने जायचं की एकट्याने, एकदाच जाणार की मल्टिपल (म्हणजे एकाच व्हिसावर पुन्हा पुन्हा जाता येणारा) पाहिजे, त्यावर कागद बदलतात. हुकोउची कॉपी (म्हणजे घरातल्या सगळ्यांची सरकारी नोंदवही, आपल्या रेशनकार्डासारखी पण त्याहून कितीतरी वजनदार), नोकरीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा असं सगळं जमवावं लागतं. त्यात हुकोउ सिचुआनचा आणि नोकरी शांघायला असेल तर शांघायमधून अर्ज करायला तिथल्या रहिवासाचा पुरावाही जोडावा लागतो, गावाकडून शहरात आलेल्या पोरांची इथे खरी दमछाक होते आणि मला ते अजिबात पटत नाही, कमावतोय तो माणूस तोच ना!

हाँगकाँगचा पासपोर्ट असेल तर मात्र जपानलाही व्हिसा नको.

अचानक सुट्टी मिळाली तर डोळे झाकून थायलंड. जपानला वारंवार जायचं असेल तर एकदाच कागद नीट जमवून मल्टिपलच मागा.