लीन आणि सिक्स सिग्मा एकत्र: फाउंड्रीत दोन पावसाळे वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. ग्रे आयर्न म्हणजे साधं बीड, ग्रीन सँड मोल्डिंग म्हणजे ओलसर वाळूचे साचे, आणि विजेवरची इंडक्शन भट्टी. माल जास्त करून पंपवाल्यांना जातो. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मालकांनी कन्सल्टंट आणला आणि लीन सिक्स सिग्मा सुरू झालं. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ आणि पडून राहिलेला माल कमी करणं, सिक्स सिग्मा म्हणजे आकडे मोजून दोष कमी करणं. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. या पद्धतीवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोर्स विकणाऱ्यांचं असतं, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितोय.

आधी निकाल सांगतो. घ्या, पण दोन्ही जोडीनंच घ्या आणि सुरुवात लीनपासून करा. नुसतं सिक्स सिग्मा आमच्यासारख्याला झेपत नाही. नुसतं लीन केलं तर पहिल्या महिन्यात बरं वाटतं आणि मग लाइन रोज कुठल्या ना कुठल्या कारणानं उभी राहते.

एका पंप केसिंगचं, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचं, उदाहरण देतो, कारण सगळं त्यातच आलं. या केसिंगला पावसाळ्यात ब्लो होल, म्हणजे धातूत वायू अडकून पडलेली भोकं, यायचे. दरवर्षी तीच मीटिंग व्हायची: मोल्डिंगवाले म्हणायचे धातू थंड ओतला, भट्टीवाले म्हणायचे वाळूत पाणी जास्त, आणि वाळूवाला बिचारा गप्प. कोअरकडे, म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात त्या वाळूच्या ठोकळ्याकडे, कुणी बघत नव्हतं. आमचा कोअर सीओटू पद्धतीचा, म्हणजे वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून गॅस मारून कडक केलेला. असा कोअर पडून राहिला की हवेतला दमटपणा ओढतो. जुलै-ऑगस्टमधली कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगायला नको. ओला कोअर साच्यात गेला, त्यावर तापलेलं लोखंड पडलं, वाफ झाली, ती धातूत अडकली.

पण कोअर पडून का राहायचे? पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, बदलायला वेळ लागायचा म्हणून. मशीनवर प्लेट चढवायची, बोल्ट शोधायचे, पॅकिंग लावून उंची जुळवायची. एवढा खटाटोप करून थोडेच बॉक्स, म्हणजे साचे, काढणं कुणाला परवडणार? मग प्लॅनिंगवाले एका पॅटर्नवर आठवड्याचा माल एकदम काढायचे. त्यासाठी कोअर शॉप आधीपासून कोअर बनवून रॅक भरून ठेवायचं. म्हणजे बोल्ट जागेवर सापडत नव्हते म्हणून पंपवाल्याकडे मशीनिंगला गेलेल्या केसिंगला भोकं पडत होती. हे एका कागदावर काढल्यावर मालक पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

यातलं लीनचं काम सोपं निघालं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं डाय बदलण्याच्या वेळेवर जे काम केलं, तेच आम्ही पॅटर्नला लावलं. मशीन चालू असतानाच पुढची प्लेट पुसून, तपासून, ट्रॉलीवर आणून ठेवायची. सगळ्या प्लेटांची उंची एकसारखी करून घेतली, त्यामुळे पॅकिंगचा खेळ संपला. पिना आणि बोल्ट ट्रॉलीच्या खणात. बदलायचा वेळ निम्म्याच्याही खाली आला. मग लॉट लहान झाले, कोअरचे रॅक रिकामे झाले, आणि उरलेल्या रॅकवर खडूनं तारीख पडायला लागली.

ब्लो होल कमी झाले, पण तेव्हाच पाऊसही उघडला होता. मग मोल्डिंगचा सुपरवायझर म्हणाला, साहेब, हे पावसामुळे कमी झालंय, तुमच्या ट्रॉलीमुळे नाही. प्रश्न बरोबर होता. इथे सिक्स सिग्माची बाजू कामाला आली. आम्ही प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, कोणत्या तारखेचे कोअर वापरले ते लिहायला लागलो आणि कोअरचं वय एका बाजूला, ब्लो होल दुसऱ्या बाजूला असा साधा आलेख काढला. कोरड्या आठवड्यात वयाचा फारसा फरक दिसला नाही. पावसाच्या दिवसांत दोन दिवसांपेक्षा जुन्या कोअरला ठिपके सरळ वर चढलेले. यंदा पावसाळ्यात जुना कोअर वापरायचाच झाला तर ओव्हनमधून सुकवून, असा नियम आहे. सुपरवायझर आता स्वतःच रॅकवरची तारीख बघतो.

हा आलेख आधी काढताच आला नसता, आणि एकत्र वापरायचं खरं कारण मला हेच वाटतं. दिवसाला 500 कास्टिंग निघतात आणि वाटेत 6,000 पडलेली आहेत असं धरा. म्हणजे आज ओतलेला माल सरासरी 12 दिवसांनी बाहेर जाणार. त्यानंतर तो गिऱ्हाइकाकडे मशीनवर चढणार आणि तेव्हा भोक दिसणार. तोवर त्या दिवशी वाळूत पाणी किती होतं, कोअर कधीचा होता, लॅडलवर (धातू ओतायच्या पात्रावर) कोण होतं, हे कुणाला आठवतंय? आमचं रजिस्टर भरलेलं असायचं, पण एका नोंदीचा दुसऱ्या नोंदीशी मेळ लागत नव्हता. वाटेतला माल कमी झाला तेव्हा आकड्यांना अर्थ आला.

उलट बाजूही भोगली. कोअरचा साठा कन्सल्टंटच्या हट्टानं जवळजवळ शून्यावर आणला, कोअर मशीनचा व्हॉल्व्ह गेला आणि मोल्डिंग उभं राहिलं. भट्टीत धातू तयार, ओतायला साचा नाही. आता आम्ही दीड शिफ्टचे कोअर ठेवतो. पुस्तकी लीनवाल्यांना हे आवडत नाही. त्यांनी धातू धरून बसायचं वीजबिल भरावं, मग बोलू.

दुसरा त्रास वाळूचा. दुपारनंतर निघालेल्या मालात सँड इन्क्लुजन, म्हणजे धातूत अडकलेली वाळू, जास्त यायचं. दिवसभर तीच वाळू फिरते, नीट थंड व्हायच्या आत परत मिक्सरला येते. 50 अंशांच्या वर गरम वाळू आली की पाणी उडून जातं आणि साच्याच्या कडा भुरभुरतात. इथे लीनकडे उत्तर नव्हतं. दर तासाला तापमान, ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते) मोजून चार्ट ठेवावा लागला. मोजमापाची शिस्त हा सिक्स सिग्माचा सगळ्यात चांगला भाग, आणि सगळ्यात कंटाळवाणाही. वाळूचा कूलर बसवायचा खर्च मंजूर झाला तो त्या चार्टमुळेच.

मोजमापावरून आठवलं. तपासणी करणारे तिघे, त्यांच्यासमोर तीच कास्टिंग नंबर झाकून, क्रम बदलून दोनदा ठेवली. एकाच कास्टिंगला एक पास म्हणतो, दुसरा रिजेक्ट. एकानं तर स्वतःचाच निकाल फिरवला. म्हणजे रोजचा रिजेक्शनचा आकडा मालाइतकाच माणसावरही अवलंबून होता. आता टेबलाशेजारी नमुन्यांचा बोर्ड आहे: इथवर चालेल, इथून पुढे नाही. कुणालाही सुचवेन, खर्च काहीच नाही.

न पटलेल्या गोष्टीही आहेत. सिक्स सिग्मा मोटोरोलात 1986 मध्ये उभं राहिलं, लाखोंनी बनणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी. दहा लाख संधींमागे 3.4 दोष हा त्यांचा आकडा तिथे शोभतो. आमचं रिजेक्शन टक्क्यांत मोजायचं असतं, तिथे हा आकडा भिंतीवर लावून काय उपयोग? लीनचा पाया घालणाऱ्या ताइची ओनोंची टोयोटा दुसऱ्या महायुद्धानंतर कमी पैशात, कमी संख्येत, अनेक प्रकारच्या गाड्या काढत होती. ती गरज आमच्या जास्त जवळची आहे.

बेल्टचंही, म्हणजे सिक्स सिग्मा शिकल्यावर मिळणाऱ्या ग्रीन, ब्लॅक अशा दर्जांचंही, तसंच. ते देणारी जगात एक अशी अधिकृत संस्था नाही, त्यामुळे ग्रीन बेल्ट म्हणजे नक्की किती येतं ते देणाऱ्यावर अवलंबून. आमच्यातला एकच जण नीट शिकून आला, बाकीच्यांना पॅरेटो (कुठला दोष सगळ्यात जास्त ते दाखवणारा आलेख), ठिपक्यांचा आलेख आणि रन चार्ट (आकडा वेळेनुसार कसा हलतो तो) पुरले. मिनिटॅब हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर घेतलं नाही, एक्सेलवर भागलं.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हती. आमच्याकडे मोल्डिंग ठेक्यावर, मजुरी बॉक्सवर. ज्याला बॉक्समागे पैसे मिळतात तो साचा भुरभुरीत दिसला म्हणून हात थांबवेल का? चांगल्या बॉक्सवर थोडा जास्त दर आणि वाळू-कोअरच्या चुकीचा भुर्दंड मोल्डरवर नाही, एवढं ठरेपर्यंत ठेकेदाराशी बरीच घासाघीस झाली. लाइनवर बरीच पोरं बिहार-ओडिशाची आहेत, म्हणून फलक मराठीबरोबर हिंदीतही लावले. ते मात्र पहिल्याच दिवशी करायला हवं, कन्सल्टंट सुचवेल याची वाट बघू नका.

मालकांना पटवायचं असेल तर एक मुद्दा देऊन ठेवतो. फाउंड्रीत नेहमीचं बोलणं असतं की रिजेक्ट माल भट्टीत परत जातो, वाया काय गेलं? लोखंड नाही गेलं. पण एक टन वितळवायला 600 युनिटच्या आसपास वीज लागते, ती दुसऱ्यांदा लागली. कोअरची वाळू, सिलिकेट, गॅस, मजुरी, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) चाकं, गिऱ्हाइकाकडचं मशीनिंग, यातलं काहीच भट्टीतून परत येत नाही. आम्ही एका केसिंगचा हा हिशेब मांडला आणि त्यानंतर कन्सल्टंटच्या फीवर चर्चा झाली नाही.

फीसाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना बघा. 2023 मध्ये ती नव्या रूपात आली, बेसिक, इंटरमीजिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत आणि सल्ल्याच्या खर्चातला 90 टक्के वाटा सरकार उचलतं. उद्यम नोंदणी लागते. सुरुवातीला सगळ्या शॉपला हात लावू नका. पावसाळ्यात जास्त छळणारं एक कास्टिंग निवडा आणि त्याचाच माग मशीनिंगपर्यंत काढा.

फेटलिंगला आम्ही अजून हात लावलेला नाही. तिथे ढीग तसाच आहे, आणि तिथला ठेका दिवाळीनंतर नव्यानं ठरायचा आहे. त्यानंतर तिथलं काय झालं ते लिहीन.