एक वेत की एक रिंग? कॅव्हेलियर घरात असलेल्यांसाठी

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मैत्रिणीचा फोन आला. तिची कॅव्हेलियर, म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची छोटी कुत्री, दीड वर्षाची झालीय, दुसऱ्यांदा हीटवर (माजावर) येऊन गेलीय आणि ओळखीत एक देखणा नर आहे. "ताई, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना? नाहीतर तिच्या तब्येतीला त्रास होतो म्हणतात." त्याच आठवड्यात एका डॉग क्लबने तिला हिवाळ्यातल्या शोसाठी मदतीला येणार का, असं विचारलं होतं. दोन्हीकडे सारखाच वेळ जाणार, मग निवडायचं काय?

आधी त्या तब्येतीच्या गोष्टीचं बघू. वेत झालं नाही म्हणून कुत्री आजारी पडत नाही. उलट नसबंदी न केलेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि एखादं वेत घेतल्याने तो टळत नाही. तेव्हा "तिच्यासाठी" म्हणून कुणी पिल्लं घेत असेल, तर ते कारण सोडून द्यावं. आपल्याला हवीत म्हणून घ्यायची असतील, तर पुढचं वाचा.

मी सांगलीत गावभागात राहते. आमच्याकडे स्पॅनियल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॉकर येतो, आणि कॅव्हेलियर पाहिली की "ही कॉकरची पिल्लं का?" असा प्रश्न ठरलेला. टॉय स्पॅनियल हा वेगळा मेळा आहे: कॅव्हेलियर, चपट्या नाकाचा किंग चार्ल्स, फुलपाखरासारख्या कानांचा पॅपिलॉन, शिवाय तिबेटन स्पॅनियल. शोमध्ये हे सगळे नवव्या गटात, म्हणजे सोबतीच्या आणि टॉय कुत्र्यांत येतात. मी फक्त कॅव्हेलियरबद्दल बोलणार आहे, कारण चूक मी तिथेच केली.

२०१९ च्या जुलैत माझ्या कुत्रीला चार पिल्लं झाली. मेटिंगच्या वेळी ती वीस महिन्यांची होती. नराचे केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर होते, रंग सुंदर होता आणि स्वभाव गाईसारखा. त्याच्या आईवडिलांच्या हृदयाचं काय, हे मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा तीन आठवड्यांची पिल्लं बेदाण्याच्या खोक्यात जुन्या साड्या अंथरून विश्रामबागेत भावाकडे नेली. ती गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं शौर्यकथेसारखी सांगत होते.

२०२४ मध्ये त्यातल्या एका पिल्लाच्या घरून फोन आला. तो रात्री खोकत होता आणि जिना चढताना मधेच बसत होता. मी सोबत गेले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला. "लब-डब"च्या जागी "लब-फुस्स" ऐकू येत होतं, जणू पंक्चर झालेल्या टायरमधून हवा जातेय. मिरजेला माणसाच्या हृदयाचं काय वाटेल ते होतं, पण या पोराच्या इकोसाठी आम्हाला पुणं गाठावं लागलं. औषधं चालू आहेत. घरचे लोक भले आहेत, मला एका शब्दाने बोलले नाहीत.

हा आजार हृदयातल्या मायट्रल झडपेचा. कॅव्हेलियरमध्ये तो इतका की पाच-सहा वर्षांपर्यंत साधारण निम्म्या कुत्र्यांत मर्मर, म्हणजे ठोक्यातला तो फुस्स आवाज, ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांत. मुळं जातीच्या इतिहासात आहेत. १९२६ मध्ये रोझवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये जुन्या, लांब नाकाच्या स्पॅनियलसाठी पंचवीस पौंडांचं बक्षीस ठेवलं, १९२८ मध्ये या जातीचा क्लब झाला आणि मोजक्या कुत्र्यांवर जात उभी राहिली. रक्त कमी, त्यात दोष असेल तर तो सगळ्यांत पसरतो. आपल्याकडे आणखी एक अडचण अशी, की २०१६ मध्ये केंद्र सरकारने ब्रीडिंगसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आणले. त्यामुळे बाहेरचं रक्त मिळणं अवघड. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये आपल्यासमोरच्या खटल्यात कॅव्हेलियरचं ब्रीडिंग प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं.

दुसरा आजार डोक्याच्या मागच्या हाडाचा. कवटीत मेंदूला जागा पुरत नाही आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. कुत्रं चालता चालता थांबतं आणि मानेजवळ हवेतच खाजवतं, पाय अंगाला लागतही नाही. लोक हसतात, व्हिडिओ काढतात. खात्री फक्त एमआरआयने होते.

आता ब्रीडिंगचा हिशोब. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाच्या आत वापरायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच्या वर नाही, आठ वर्षांनंतर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. घरची एकच कुत्री आहे म्हणून नियम लागत नाहीत, असा माझा समज होता. तुम्ही तो करून घेऊ नका.

पण कायद्याचे दीड वर्ष आणि कॅव्हेलियरच्या हृदयाचे दीड वर्ष वेगळे. जाणते ब्रीडर अडीच वर्षांच्या आत मेटिंग करत नाहीत, आणि नर-मादी दोघांचेही आईवडील पाच वर्षांचे होईपर्यंत मर्मरमुक्त आहेत का ते बघतात. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या दीड वर्षाच्या कुत्रीचा प्रश्न निदान एक वर्ष पुढे गेला. शिवाय फोन तिला नराच्या मालकाला नाही, त्याच्या आईवडिलांच्या मालकांना करावा लागणार. त्यांचे नंबर मिळाले नाहीत तर तिथेच थांबावं, असं माझं मत आहे.

नंबर मिळाले, तर पुढे मेटिंगचा दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉनची तपासणी, गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला या संसर्गाची तपासणी, पंचावन्नाव्या दिवसानंतर पिल्लं मोजायला एक्सरे. साधारण त्रेसष्टाव्या दिवसाच्या आसपास दर काही तासांनी ताप बघायचा. ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की चोवीस तासांत कळा. त्या रात्री नवरा झोपला तरी चालतं, तुम्हाला जागावं लागतं. पहिलं पिल्लू उलटं आलं तेव्हा माझे हात थरथरत होते. मग रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक पिल्लू. ज्याचं वजन वाढलं नाही, त्याला बाटलीने दूध. आणि गाभण कुत्रीला शेजारणीच्या सल्ल्याने कॅल्शियमचं सिरप पाजू नका. आधी बाहेरून दिलं, की शरीर स्वतः कॅल्शियम काढायचं विसरतं आणि दूध सुरू झाल्यावर झटके येऊ शकतात.

पैसे? तपासण्या, सिझेरियनची वेळ आली तर ते, लसी, जंताची औषधं, चिप, नोंदणी हे सगळं नीट केलं तर तीन-चार पिल्लांच्या वेतातून हाती फारसं राहत नाही. ज्यांच्या हाती राहतं, ते यातलं काहीतरी गाळतात.

क्लबचं काम याच्या अगदी उलट. शोचा हंगाम थंडीतला, बहुतेक शो रविवारी, आणि प्रवास कोल्हापूर, पुणे असा स्वतःच्या खर्चाने. पहिल्या वर्षी मी रिंग स्टुअर्ड, म्हणजे कुत्री तपासली जातात त्या रिंगणातली जजची मदतनीस, होते. कॅटलॉग नंबर पुकारायचे, वर्ग रांगेत उभा करायचा, जजच्या वहीत निकाल बरोबर उतरतोय ना बघायचं, कार्डं वाटायची. जजच्या निर्णयावर एक अक्षर बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण चिडलेला मालक जजकडे जात नाही, तुमच्याकडे येतो. एका हँडलरने, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा फिरवणाऱ्याने, मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं आणि तासाभराने चहा आणून दिला. क्लबमध्ये गटबाजी असते, मानापमान असतात, मंडळाच्या गणपतीत असतात तेवढेच.

पण टेबलाशी उभं राहून दिवसाला साठ-सत्तर टॉय कुत्री जवळून दिसतात. दात, गुडघे, चाल, श्वास कळायला लागतो. दहा वर्षांचा म्हातारा नर घेऊन कोण येतं आणि दोन वर्षांनंतर कुणाचे कुत्रे दिसेनासे होतात, हेही लक्षात येतं. मला २०१९ मध्ये हवी असलेली माहिती रिंगच्या दोरीपाशी फुकट मिळत होती. अशाच ओळखीतून मी आतापर्यंत तीन सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून दिलीत. त्यातली एक कॅव्हेलियर सात वर्षांची, पाच वेतं झालेली, तिचे सगळे दात काढावे लागले.

तेव्हा ज्याच्याकडे सहा आठवडे घरी बसायची सोय आहे, तीन पिढ्यांची माहिती आहे, आणि न खपलेलं किंवा परत आलेलं पिल्लू जन्मभर सांभाळायची तयारी आहे, त्याने ब्रीडिंगचा विचार करावा. नोकरी आहे, घर भाड्याचं आहे, घरमालक कुरकुरतोय, अशांनी क्लब निवडावा. दोन्ही एकदम सुरू करू नये. क्लब आधी, निदान दोन हिवाळे.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं. ती जरा नाराज झाली, पण नराच्या मालकाला विचारून घेतलं. त्याच्या नराचा बाप चार वर्षांचा असताना गेला, कारण त्याला माहीत नाही. ती डिसेंबरमध्ये माझ्याबरोबर रिंगमध्ये येतेय. तिला एवढंच बजावलंय, की सँडल घालून येऊ नकोस, टॉयच्या वर्गात तपासणीचं टेबल दिवसभर आपल्यालाच उचलावं लागतं.