वसईतील एका धर्मग्रामाचे वर्ष : कुपने, गुप्त झोळी आणि हिशेब

श्रीरामपूरकडचे गाव सोडून नोकरीनिमित्त वसईत राहायला आलो, तेव्हा जवळच्या चर्चमध्ये कुटुंबाचे नाव नोंदवणे हे गॅसच्या जोडणीइतकेच निकडीचे काम होते, कारण मुलीची पहिली कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद प्रथमच स्वीकारण्याचा विधी) वर्षभरावर आली होती. आता त्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कुटुंबांच्या पॅरिशमध्ये, बारा महिने पूर्ण झाले. नव्याने येणाऱ्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. तक्रारीही आहेत, म्हणून चर्चचे नाव देत नाही. आणि चर्चला तारे देण्याची कल्पना मला पटत नाही, त्यामुळे तेही नाहीत.

नोंदणीचा अनुभव संमिश्र होता. कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होते आणि विरार लोकलने परतणारा माणूस आठाच्या आधी घरी पोहोचत नाही, त्यामुळे पहिली भेट रजा काढूनच घ्यावी लागली. मुलीच्या बाप्तिस्म्याचा घरातला जुना दाखला चालला नाही. तो गावच्या चर्चमधून नव्याने मागवायला सांगण्यात आले. त्या वेळी राग आला, पण कारण रास्त आहे. दृढीकरण, विवाह अशा पुढच्या संस्कारांची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीतच केली जाते आणि ती ताज्या दाखल्यावरच दिसते. हे फोनवर आधी सांगितले असते, तर एक खेप वाचली असती.

रविवारच्या मिस्सेबद्दल (चर्चमधील मुख्य उपासनेबद्दल) मात्र मनापासून चांगलेच लिहावे लागेल. शुद्ध, ओघवत्या मराठीतील उपदेश, दहा-बारा मिनिटांत संपणारा आणि त्या दिवसाच्या वाचनाला धरून असलेला, असा आठवड्यामागून आठवडे ऐकायला मिळणे ही चैनच आहे. गायकवृंद उत्तम आहे, पण मागच्या पाच-सहा बाकांवर ध्वनिक्षेपकाचा नुसता घुमारा पोहोचतो, तेव्हा वेळेवर जावे. सप्टेंबरमध्ये गावाकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जाता आले नाही याची रुखरुख होती. इथे 8 सप्टेंबरपूर्वीच्या, म्हणजे मारियेच्या जन्मदिनाआधीच्या, नऊ दिवसांच्या नोव्हेनात (प्रार्थनांत) परडीभर फुले घेऊन येणारी मुले पाहून ती थोडी कमी झाली. अडचण जाणवते ती मिस्सेनंतर. अंगणात आपसातले बोलणे कादोडीत, म्हणजे वसईच्या स्थानिक बोलीत, चालते, बैठकांतही मुद्दा तापला की सगळे नकळत तिकडेच वळतात आणि आमच्यासारखा घाटावरचा माणूस हसऱ्या चेहऱ्याने उभा राहतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण इमारतींत भाड्याने राहणारी कुटुंबे वर्षानुवर्षे मागच्या बाकावरच का राहतात, याचे निदान अर्धे तरी इथे सापडेल.

आता पैशांविषयी. गेल्या वर्षी सभागृहाच्या छपरासाठी निधी गोळा झाला. लिफाफे झाले, जानेवारीत फन फेअर झाली, हाऊजी (तंबोला) झाली आणि अर्थातच सोडतीची कुपने आली. फन फेअर मी पुन्हा आनंदाने करीन: राजेळी केळ्यांची सुकेळी (सुकवलेली केळी), गरम फुगे (पिठाचे तळलेले गोळे), मुलांचे खेळ, आणि स्वतःच्या वाडीतली भाजी विकून सगळी रक्कम छपराला देणाऱ्या दोन आजी. कुपनांचे तसे नाही. प्रत्येक घरी पन्नास रुपयांच्या पंचवीस कुपनांचे पुस्तक दिले जाते, ते न खपल्यास उरलेली कुपने स्वतःच घ्यावीत अशी अपेक्षा असते आणि मोठ्या देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली जातात. बाराशे पन्नास रुपये सगळ्यांना सारखे नसतात, हे त्या यादीच्या लांबीवरून कोणाच्या लक्षात येत नाही.

खरी हरकत हिशेबाची आहे. फलकावर किती जमले ते दर आठवड्याला लागत होते, किती खर्च झाले ते कित्येक महिने लागले नाही. कॅथोलिक धर्मसभेच्या 1983 च्या कायदासंहितेतील 537 वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवी असे सांगते, 1287 वे कलम श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायला सांगते आणि 1267 व्या कलमानुसार ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते. म्हणजे हिशेब मागणारा माणूस कोणावर अविश्वास दाखवत नसतो. मी विचारल्यावर फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तीन आठवड्यांनी जमाखर्च फलकावर लागला. तो नीट होता, पावत्यांसकट होता, मग इतके दिवस अडले कुठे ते कळले नाही. गंमत अशी की ऑक्टोबरातील मिशन रविवारची किंवा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पवित्र भूमीसाठी होणारी वर्गणी कुठे जाते, हे वेदीवरून स्पष्ट सांगितले जाते. दूरच्या पैशाची माहिती आम्हांला डोक्यावरच्या पत्र्यांपेक्षा जास्त होती.

या धर्मग्रामाचे सर्वांत चांगले काम फारसे कोणाला दिसत नाही. संत विन्सेंट डी पॉल संस्थेची इथली शाखा दर गुरुवारी रात्री साडेआठला भरते, म्हणजे नोकरदारालाही गाठता येते. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी 1833 साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या संस्थेची रीत अशी की मदत घेणाऱ्याला दारात बोलवायचे नाही, आपण दोघा-दोघांनी त्याच्या घरी जायचे. मी नोव्हेंबरपासून जातो. डायलिसिसवर असलेला एक रिक्षाचालक, चाळीत एकट्या राहणाऱ्या एक आजी, जूनमध्ये मुलांच्या वह्यांसाठी अडलेले एक कुटुंब, अशी आमच्या जोडीकडे तीन घरे आहेत आणि त्यांतली दोन ख्रिस्ती नाहीत, याची चर्चा बैठकीत कधीही झाली नाही. आजींना तांदळापेक्षा शेजारी बसून पेपर वाचून दाखवणारा हवा असतो, हे दुसऱ्या भेटीत समजले. बैठकीच्या शेवटी गुप्त झोळी फिरते: प्रत्येक जण मूठ आत घालतो, कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही, आणि झोळीत जमलेला आकडा त्याच वेळी वहीत लिहिला जातो. सोडतीत जे उलटे झाले, ते इथे इतक्या साधेपणाने सुलटे होते.

याच्या शेजारी जागतिक गरीब दिनाचा कार्यक्रम ठेवला की तो फिका वाटतो. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला हा दिवस 2017 पासून पाळला जातो. आमच्याकडे जेवण सुग्रास होते, पण धान्याची पाकिटे मंचावर बोलावून दिली गेली आणि प्रत्येक पाकिटामागे एक छायाचित्र निघाले. ज्या आजींना मी आग्रहाने घेऊन गेलो होतो, त्या पाकीट न घेता, पाय दुखतात म्हणून लवकर निघाल्या. मुलांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग व्यवस्थित आहेत, त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

नव्याने येणाऱ्यांनी कार्यालयात जाण्यापूर्वी फोन करावा, सकाळची पहिली मिस्सा निवडावी, पुढे बसावे आणि जमल्यास एका गुरुवारी रात्री येऊन पाहावे. यंदाचे कुपनांचे पुस्तक गेल्याच रविवारी घरी आले. मी दहा कुपने ठेवून पंधरा परत केली. आमच्या भागातल्या कुटुंबांच्या समूहप्रमुख बाईंनी ती मोजून घेतली, वहीत लिहिली आणि चहा घेऊनच गेल्या.