‘रोजची भाकर’ आणि चार शनिवारांचा ग्रीक वर्ग

जालन्यात चार शनिवार चाललेल्या, बायबलमधील नव्या कराराच्या ग्रीक वर्गात मी मुख्यतः एका शब्दासाठी नाव घातले होते. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण जिला ‘रोजची’ भाकर म्हणतो, तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ हे विशेषण आहे. नव्या करारात ते केवळ मत्तय ६:११ आणि लूक ११:३ येथेच आढळते, आणि तिसऱ्या शतकातील ग्रीकभाषक ख्रिस्ती विद्वान ओरिजेनलाही ते लोकांच्या बोलण्यातले वाटले नव्हते. ‘आजच्यापुरती’, ‘उद्याची’ आणि ‘जगण्यास आवश्यक’ हे तिन्ही अर्थ शिक्षकांनी व्युत्पत्तीसह फळ्यावर मांडले, आणि बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याने लॅटिन भाषांतरात मत्तयात एक व लूकमध्ये दुसराच शब्द योजल्याचे दाखवले. भाकरीसाठीचा ग्रीक शब्द ‘आर्तोस’ ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे ज्वारीची भाकर येते, हे मराठवाड्यात साहजिकच आहे; मात्र योहान ६:९ मध्ये त्याच शब्दाला ‘जवाची’ असे विशेषण जोडलेले आहे, हा खुलासा मला सर्वांत आवडला.

वाटलेल्या छायाप्रती मात्र इतक्या फिक्या होत्या की अक्षरांवरील आघातचिन्हे दिसतच नव्हती, आणि उच्चाराच्या सरावाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. तरीही पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव नोंदवले आहे; या वेळी भिंग सोबत नेईन.